एकसारखी पिल्ले ओळखण्यासाठी

लॅब्रॅडॉर कुत्रीला झालेली सात-आठ पिल्ले सगळीच काळी असतील, तर कोणाचे वजन वाढले आणि कोणाला जंताचे औषध पाजून झाले, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची मऊ, सपाट पट्टी बांधावी. ती इतकी सैल नसावी की तिच्यात पिल्लाचा पाय किंवा भावंडाचा जबडा अडकेल. शिवाय पिल्लाचे वजन पहिल्या आठ-दहा दिवसांतच साधारण दुप्पट होत असल्यामुळे, ती आवळत तर नाही ना, हे रोज बोट घालून तपासणे अत्यंत आवश्यक आहे. रबरबँड कधीही वापरू नये, कारण तो केसांखाली दडून कातडीत रुततो. नखांना रंग लावणेही मला योग्य वाटत नाही, कारण आई पिल्लांना सतत चाटत असते.

पट्टीची धास्ती वाटत असेल, तर एकाच्या खांद्यावरचे, दुसऱ्याच्या कमरेवरचे थोडे केस बोथट टोकाच्या कात्रीने कमी करावेत. छातीवरचा पांढरा ठिपकाही नोंदवून ठेवावा.

खूण केल्यावर वहीत रंग, नर की मादी आणि जन्माचे वजन लिहावे आणि रोज ठरावीक वेळी डिजिटल काट्यावर वजन करावे. एखाद्याचे वजन दिवसभरात वाढले नाही किंवा घटले, तर त्या पिल्लाला विलंब न करता पशुवैद्यांना दाखवावे.