हृदय हातात धरताना : पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी विच्छेदन कक्षात हृदय प्रथम हाती येते, तेव्हा बहुतेक विद्यार्थी लगेच कप्पे शोधू लागतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की, त्याआधी ते शरीरात जसे असते तसे धरायला शिकावे, कारण हृदयाच्या बाबतीत ‘उजवे’ आणि ‘डावे’ ही नावे नवख्याला चकवतात. मी तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकून पुण्यात आले, तेव्हा अलिंद (हृदयाचा वरचा कप्पा) आणि निलय (खालचा कप्पा) हे शब्द पक्के होते आणि शाळेच्या पुस्तकातली आकृती डोळ्यांसमोर होती. त्या आकृतीत दोन्ही बाजूंच्या मधोमध एक सरळ उभा पडदा असतो. प्रत्यक्षात हा पडदा तिरका असतो. त्यामुळे उजवे निलय उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, मागे सर्वांत पुढे येते आणि डावे अलिंद सर्वांत मागे, अन्ननलिकेला लागून राहते.

पहिल्या अंतर्गत परीक्षेत परीक्षकांनी हृदय माझ्या हातात देऊन “नीट धरा” एवढेच सांगितले. मी त्याचे टोक सरळ खाली करून धरले आणि त्या एका चुकीमुळे पुढची सगळी उत्तरे चुकत गेली. धरण्याची रीत अशी : टोक डावीकडे, खाली आणि थोडे पुढे; उजव्या कडेला उजवे अलिंद; फुप्फुस धमनी महाधमनीच्या पुढून निघून डावीकडे वर जाणारी; आणि फुप्फुस शिरांची चार तोंडे मागे. एवढे जमले की पुढे वॉर्डात ऐकू येणाऱ्या अनेक गोष्टी आपोआप उलगडतात. छातीवर समोरून भोसकल्याची जखम असेल तर उजवे निलय सर्वाधिक वेळा का सापडते, किंवा अन्ननलिकेतून केलेल्या इकोमध्ये डावे अलिंद इतके स्पष्ट का दिसते, हे मग पाठ करावे लागत नाही.

महाविद्यालयातील नमुने फॉर्मेलिनमुळे कडक झालेले असतात, म्हणून झडपांचे काम समजण्यासाठी मी बोकडाचे ताजे हृदय आणण्याचा सल्ला देते. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये किंवा जवळच्या मटणवाल्याकडे ते मिळते. मात्र शब्द जपून वापरावा : आपल्या भाषेत भीतीने काळजाचा ठोका चुकतो खरा, पण मटणाच्या दुकानात काळीज मागितले तर यकृत मिळते. हृदयाच्या वरच्या नळ्या छाटू नयेत, हेही आधीच सांगून ठेवावे. घरी आणल्यावर आतल्या गुठळ्या नळाखाली धुऊन काढाव्यात, निलयांचा खालचा भाग आडवा कापावा आणि महाधमनीत वरून पाणी ओतावे. तिच्या मुळाशी असलेल्या तीन पाकळ्या पाण्याने फुगून एकमेकींना भिडतात आणि पाणी तुंबून राहते. तेथे कोणताही स्नायू झडप ओढत नाही. ती केवळ दाबाच्या फरकाने मिटते.

कापलेल्या तोंडाकडे पाहिले की डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या जवळजवळ तिप्पट जाड दिसते. यावरून डावे निलय जास्त रक्त ढकलत असेल, असे पुष्कळांना वाटते, आणि तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. विश्रांत अवस्थेत दोन्ही निलये प्रत्येक ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे पाठवतात. फरक दाबाचा आहे : डाव्याला सुमारे १२० मिलिमीटर पाऱ्याचा दाब निर्माण करावा लागतो, उजव्याला २५ च्या आसपास पुरतो.

अलिंद आणि निलय यांच्यामधल्या झडपांच्या कडांना बांधलेले पांढरे तंतू, म्हणजे कॉर्डी टेंडिनी, बोटांनी हलकेच ताणून पाहावेत. दोऱ्यासारखे बारीक असूनही ते सहजी तुटत नाहीत. निलयाच्या भिंतीतून निघणारे पॅपिलरी स्नायू त्यांच्यामार्फत झडप मिटवत नाहीत; मिटलेली झडप अलिंदात उलटू नये म्हणून ती धरून ठेवतात. ‘मिटवणे’ आणि ‘धरून ठेवणे’ यांतला हा भेद लिहिताना कटाक्षाने पाळावा.

मानवी नमुन्यात उजवे अलिंद उघडलेले मिळाले तर ते ट्यूबलाइटसमोर धरा. दोन अलिंदांमधल्या पडद्यावरचा फोसा ओव्हॅलिस नावाचा खळगा इतका पातळ असतो की त्यातून प्रकाश झिरपतो. गर्भावस्थेत आपले रक्त याच वाटेने डावीकडे जात होते.

हृदयाची विद्युत्-यंत्रणा मात्र विच्छेदनात डोळ्यांनी सापडण्याची अपेक्षा ठेवू नये. सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये एव्ही नोडचे (अलिंदांकडून निलयांकडे विद्युत् संदेश पोहोचवणाऱ्या पेशींच्या पुंजक्याचे) आणि कीथ व फ्लॅक यांनी १९०७ मध्ये एसए नोडचे (जिथे ठोक्याचा संदेश सुरू होतो त्या पुंजक्याचे) वर्णन केले, तेही सूक्ष्मदर्शकाखालच्या अभ्यासातून. एव्ही नोडमध्ये संदेश सुमारे ०.१ सेकंद रेंगाळतो आणि तेवढ्यात अलिंदे आपले रक्त निलयांत रिकामे करतात, हे समजले की शरीररचना आणि शरीरक्रिया हे दोन विषय वेगवेगळ्या वह्यांत का ठेवू नयेत, हे लक्षात येते. हृदयाच्या स्नायूलाच रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्यांचेही तसेच आहे. त्यांच्या शाखा पाठ करणे सोपे आहे. पण डाव्या निलयाच्या स्नायूला मुख्यतः तो सैल पडल्यावरच रक्त मिळते, आणि मिनिटाला ७२ ठोक्यांच्या गतीला ०.८ सेकंदाच्या चक्रातला हा सैल पडण्याचा काळ सुमारे ०.५ सेकंद असतो. नाडी वाढली की हाच काळ अधिक घटतो. म्हणून अरुंद झालेल्या धमन्यांच्या रुग्णाला जिना चढताना छातीत दुखते, त्यामागे वाढलेल्या गरजेइतकाच या घटलेल्या वेळेचाही वाटा असतो.

पुस्तके अप्पा बळवंत चौकात जुनी घेतली तरी चालतील, पण स्टेथोस्कोप पहिल्याच महिन्यात स्वतःचा घ्या. तो स्वतःच्या छातीवर डावीकडे, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेच्या किंचित आत ठेवा आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे मानेतल्या नाडीवर हलकी टेकवा. नाडीच्या ठोक्याबरोबर ऐकू येतो तो पहिला ध्वनी, म्हणजे अलिंद आणि निलय यांच्यामधल्या झडपा मिटल्याचा. त्यानंतरचा, थोडा आखूड, म्हणजे बोकडाच्या हृदयात पाणी अडवणाऱ्या त्या तीन पाकळ्यांचा आणि फुप्फुस धमनीतल्या त्यांच्या जोडीदारांचा.