फोनलाच मॉनिटर करायचा तर

नवीन मुलंमुली व्हिडिओ शूटिंगच्या कामाला येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: कॅमेऱ्याचं चित्र मोठं दाखवणारा वेगळा पडदा, म्हणजे मॉनिटर, कुठला घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. सध्या कुठलाच नको. खिशात फोन आहे, त्यावर चित्र आणायला शिका. आपल्याला मॉनिटर नेमका कशासाठी लागतो हे कळलं की मग पैसे घाला.

मी रायगडात काम करते. लग्नं, पाककृतींचे व्हिडिओ आणि गणपतीच्या आधीचे काही महिने पेणच्या मूर्तींच्या कारखान्यांतलं शूटिंग. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा साधारण ३ इंचांचा असतो आणि तो दिसेल अशा जागी आपण उभे असतोच असं नाही. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी जवळून टिपायची तर कॅमेरा दोन मूर्तींच्या फटीत घालावा लागतो, मागे डोकं घालायला जागा उरत नाही. थालीपीठ थापतानाचा टॉप शॉट घ्यायचा तर कॅमेरा ओट्यावर उलटा टांगलेला आणि त्याचा पडदा छताकडे. अशा वेळी ओट्याशेजारी उभा केलेला फोन मोठं काम करतो. थापणारीलाही आपले हात चौकटीबाहेर जातात का ते दिसतं.

फोनवर चित्र आणण्याच्या वाटा दोन. एक बिनतारी, एक तारेची.

बिनतारी वाट फुकटची आहे. कॅननचं कॅमेरा कनेक्ट, निकॉनचं स्नॅपब्रिज, सोनीचं क्रिएटर्स अ‍ॅप, फुजीफिल्मचं एक्सअ‍ॅप. आपल्या कॅमेऱ्याचं अ‍ॅप उतरवायचं, कॅमेऱ्याच्या वाय-फायला फोन जोडायचा, की रिमोट शूटिंगमध्ये चित्र दिसू लागतं. नवख्यांचं घोडं इथे दोन ठिकाणी अडतं. अँड्रॉइड फोन आजूबाजूचं वाय-फाय शोधायला लोकेशनची परवानगी मागतो. ती नाकारली की अ‍ॅपला कॅमेरा सापडतच नाही. आणि कॅमेऱ्याच्या वाय-फायवर इंटरनेट नसतं, म्हणून फोन आपणहून ते सोडून मोबाइल डेटाकडे पळतो. जोडणीपुरता डेटा बंद ठेवा, भानगड मिटते.

पण हे चित्र म्हणजे कॅमेऱ्याने पाठवलेल्या छोट्या छोट्या जेपीईजींची मालिका असते. ते बारीक असतं आणि उशिरा येतं. बऱ्याच मॉडेलांत फोन जोडला की कॅमेऱ्याची काही बटणं गोठतात, काहींत मागचा पडदाही मिटतो. स्थिर गोष्टींना हे सगळं चालतं: टेबलावर मांडलेले दागिने, टॉप शॉट, ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्यासमोर आपण स्वतः बसून बोलणं. फोनवर बोट ठेवून फोकसची जागा बदलता येते आणि शटरही दाबता येतं, ही तारेच्या वाटेत न मिळणारी सोय. मंगल कार्यालयात मात्र बिनतारीवर विसंबू नका. शेकडो फोन, प्रत्येकाचं वाय-फाय चालू, आणि बरेचसे कॅमेरे आधीच गजबजलेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. चित्र अडखळतं आणि नको त्या क्षणी तुटतं.

आता तारेची वाट. कॅमेऱ्याला एचडीएमआयचं तोंड असतं, म्हणजे केबलने चित्र बाहेर देणारं पोर्ट. तिथून निघालेली केबल एका लहानशा कॅप्चर डोंगलमध्ये, म्हणजे ते चित्र यूएसबीत बदलणाऱ्या तुकड्यात, जाते आणि डोंगल ओटीजीने (फोनला बाहेरचं यूएसबी उपकरण जोडायची सोय) अँड्रॉइड फोनला. फोन त्याला वेबकॅम समजतो. यूएसबी कॅमेरा किंवा कॅमेराफाय यांसारखं अ‍ॅप उघडलं की चित्र हजर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त डोंगलांपैकी पुष्कळांत एमएस२१०९ नावाची चिप असते. वेष्टणावर ‘४के’ लिहिलेलं असतं, पण ते फक्त आत घेण्यापुरतं. बाहेर येतं ते १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम, तेही दाबलेल्या एमजेपीईजी रूपात. प्लग निळा दिसला म्हणून यूएसबी ३ समजू नका, अनेकदा आत २.०च असतं. बघण्यापुरतं हे पुरेसं आहे, आणि सुरुवातीला मी हेच घ्यायला सांगते.

केबल घेण्याआधी तोंडाचा प्रकार बघा. कॅनन १५००डी, निकॉन डी५६०० यांना मिनी लागतो. सोनी झेडव्ही-ई१०, निकॉन झेड ५० यांना मायक्रो. सोनी ए७ ४ला टीव्हीसारखा पूर्ण आकाराचा. मायक्रो सगळ्यात नाजूक. केबलला कुणाचा पाय अडकला तर कॅमेऱ्याचं तोंड सैल होतं आणि मग दुरुस्तीचा खर्च डोंगलच्या कित्येक पट. केबल मऊ आणि आखूड घ्या, तिला थोडी ढील देऊन वेल्क्रोच्या पट्टीने ट्रायपॉडला किंवा केजला (कॅमेऱ्याभोवतीच्या धातूच्या चौकटीला) बांधा.

फोन ओळखतच नसेल तर डोंगलला दोष देण्याआधी सेटिंग्जमध्ये ओटीजी चालू आहे का बघा. ओप्पो, व्हिवो, रिअलमी, वनप्लसच्या अनेक फोनांत तो वेगळा चालू करावा लागतो आणि १० मिनिटं काही जोडलं नाही तर आपोआप बंद होतो. आयफोनवाल्यांची अडचण मोठी आहे: आयफोन असा बाहेरचा कॅमेरा स्वीकारत नाही. आयपॅडला ही मुभा २०२३ साली आयपॅडओएस १७मध्ये मिळाली, तीही यूएसबी-सी असलेल्या आयपॅडना. आयफोनसाठी अ‍ॅक्सून सीमोसारखं वेगळं यंत्र घ्यावं लागतं, ते स्वस्त नाही. त्यापेक्षा घरात पडलेला जुना अँड्रॉइड शोधा. २०२१ साली सोनीने एक्सपिरिया प्रो नावाच्या फोनला थेट एचडीएमआयचंच तोंड दिलं होतं, किंमत अडीच हजार डॉलर. तेवढ्यात आपल्याकडे एक बरा कॅमेरा आणि लेन्स येते.

काही नव्या कॅमेऱ्यांत यूएसबी स्ट्रीमिंग असतं, म्हणजे कॅमेरा स्वतःच यूएसबीतून वेबकॅमसारखं चित्र देतो. त्यांना डोंगलचीही गरज नाही, यूएसबी-सीची केबल थेट फोनला. पण झेडव्ही-ई१० या वाटेने ७२०पीच देतो. शिवाय स्ट्रीमिंग चालू असताना कार्डावर रेकॉर्डिंग होतंय का, हे आपल्या कॅमेऱ्यावर घरीच तपासून घ्या.

दुकानदार ‘क्लीन एचडीएमआय’ असलेला, म्हणजे आकडे-खुणांशिवाय नुसतं चित्र बाहेर देणारा कॅमेरा घ्या म्हणून आग्रह धरतात. १५००डीच्या एचडीएमआयवर फोकसची चौकट आणि आकडे दिसत राहतात, हे खरं. रेकॉर्डर किंवा लाइव्हसाठी ते अडचणीचं. आपल्याला नुसतं बघायचं असेल तर उलट बरं: फोकस कुठे पकडलाय, शटर किती, हे फोनवरच वाचता येतं. एवढ्यासाठी कॅमेरा बदलू नका.

सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढे आहे आणि व्हिडिओ बघून शिकलेली मुलं नेमका तोच सोडतात. फोनवर दिसणारं चित्र थोडं जुनं असतं. किती जुनं, ते मोजता येतं. एका फोनवर स्टॉपवॉच चालू करा, कॅमेरा त्यावर रोखा, कॅमेऱ्याचं चित्र मॉनिटर केलेल्या फोनवर आणा आणि तिसऱ्या फोनने दोन्ही पडद्यांचा एकत्र फोटो काढा. एकावर १२.४८ आणि दुसऱ्यावर १२.२८ दिसलं तर उशीर ०.२० सेकंदाचा. सेकंदाला २५ फ्रेमने शूट करत असाल तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे तुम्ही ५ फ्रेम मागे आहात. दोन-चार वेळा फोटो काढा, कारण पडद्यांच्या वेगामुळे आकडा थोडा हलतो. अ‍ॅप किंवा डोंगल बदलला की पुन्हा मोजा.

काय करायचं आणि काय नाही ते हा आकडा ठरवतो. मुलाखतीत, पाककृतीत, मूर्तीच्या आखणीत ५ फ्रेमने काही बिघडत नाही. गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) घेऊन चालताना बिघडतं, कारण तुम्ही वळण थांबवता तेव्हा चित्र अजून वळतच असतं आणि हात उगाच उलटा फिरतो. हाताने फोकस ओढताना, म्हणजे लेन्सची रिंग फिरवून हलत्या माणसावर फोकस धरून ठेवताना तर फारच. नवरी चार पावलं पुढे आलेली असते आणि तुम्ही तिसऱ्या पावलावर फोकस लावत असता. म्हणून अंतरपाट दूर होतो त्या क्षणी फोनकडे बघायचंच नाही. डोळा व्ह्यूफाइंडरला किंवा कॅमेऱ्याच्या पडद्याला. वरमाला, अक्षता, सासरी निघताना आईच्या गळ्यात पडणं, सगळ्यांना हाच नियम.

लग्नात आणखी एक पेच येतो. एलईडी वॉलवर लाइव्ह दाखवायचं असेल तर मिक्सरवाला (सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं घेऊन त्यातलं एक वॉलवर सोडणारा) आधीच तुमच्या कॅमेऱ्याचं एचडीएमआय घेऊन बसलेला असतो. तोंड एकच. एका चित्राचे दोन फाटे करणारा स्प्लिटर लावता येतो, पण त्याला वेगळी वीज लागते आणि तुटायला आणखी एक सांधा वाढतो. मी तिथे फोन लावायच्या भानगडीत पडत नाही.

रंग आणि उजेड फोनवर ठरवू नका. फोनचा पडदा बघणाऱ्याला खूश करायला बनवलेला असतो. ऑटो ब्राइटनेस बंद करून प्रकाश एका जागी ठेवा, नाइट लाइट आणि आय कम्फर्ट बंद, रंगांचा मोड ‘व्हिव्हिड’वरून ‘नॅचरल’वर. एवढं करूनही एक्सपोजर कॅमेऱ्याच्या हिस्टोग्रामवर (उजेडाचा आलेख) आणि झेब्रावरच (फार उजळ भागावर दिसणारे पट्टे) बघायचं. हळदीच्या कार्यक्रमात हे विशेष सांभाळा: पिवळ्या रंगात लाल आणि हिरवा दोन्ही वर चढलेले असतात, फोनवर हळद झकास दिसते आणि एडिटला बसल्यावर गालावर नुसता सपाट पिवळा डाग उरतो. शालूची जर तशीच दगा देते. फोकसचंही तेच, दाबलेलं चित्र छोट्या पडद्यावर नेहमीच धारदार वाटतं. कॅमेऱ्यावर मॅग्निफाय करून पापणीचा केस बघा, मग रेकॉर्ड दाबा.

विजेचं गणित आधी मांडा. डोंगल फोनच्या बॅटरीवर जगतो आणि तोंड अडकलेलं असल्यामुळे फोन चार्ज होत नाही. लांबचं काम असेल तर चार्जिंग आत घेणारा यूएसबी-सी हब लागतो, आणि हा हब तुमच्या फोनवर डोंगलसकट चालतो का ते आदल्या रात्रीच बघायचं. कॅमेऱ्याचा ऑटो पॉवर ऑफ वाढवा. डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर चालू चित्र दाखवणारा मोड) लावल्याशिवाय बाहेर चित्रच येत नाही, आणि लाइव्ह व्ह्यू बॅटरी खातो, म्हणून जास्तीची बॅटरी हवीच. मे महिन्याच्या उन्हात फोन तापला की स्वतःच पडदा मंद करतो. पुठ्ठ्याची टोपी करून लावा, फोन कॅमेऱ्याच्या सावलीत ठेवा. आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर ऐन शॉटमध्ये आत्याचा फोन येतो आणि चौकटीच्या जागी तिचा हसरा फोटो.

खरा मॉनिटर कधी घ्यायचा? गिंबलचं किंवा हाताने फोकस ओढायचं काम नियमित मिळायला लागलं की. तोही आधी भाड्याने आणा, दोन-तीन वेगवेगळे वापरून बघा. घेताना एचडीएमआय लूप-आउट आहे का ते विचारा, म्हणजे आत आलेलं चित्र दुसऱ्या तोंडातून पुढे देणारा. मग डोंगल विकू नका. लूप-आउटला तो लावून फोन ग्राहकाच्या हातात द्या. पाककृतीच्या शूटला मी हेच करते. ग्राहक आपल्या खांद्यावरून डोकावायचं सोडून खुर्चीवर बसून बघतो आणि ‘वाटी जरा डावीकडे’ हे शॉट संपल्यावर नाही, सुरू व्हायच्या आधी सांगतो.