विहिरीत टीसीएल टाकण्याआधी पालापाचोळा काढा

पावसाळ्यात कोकणात घरच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतात. टाकावीच, कावीळ, गॅस्ट्रो, टायफॉइड तिनेच रोखले जातात. राहून जातं ते तिच्या आधीचं काम.

आंब्या-फणसाची पानं विहिरीत कुजली की त्यांचा अंश पाण्यात उतरतो. पावडरीतला क्लोरीन त्याच्याशी भिडून क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमीथेन संयुगं तयार करतो. डच रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या नळपाण्याबाबत हे १९७४ मध्ये दाखवलं. खाडीकाठच्या विहिरीत खारं पाणी झिरपत असेल तर त्यातल्या ब्रोमाइडमुळे ब्रोमीनयुक्त संयुगंही बनतात. अशी संयुगं जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला अनेक अभ्यासांत आढळला आहे. म्हणून काही क्लोरीन बंद करायचा नाही, त्याच्या वाट्याला कचरा येऊ द्यायचा नाही.

वैशाखातच, पाणी तळाला गेलेलं असताना, गाळ उपसून घ्या. माणूस एकटा उतरवू नका. विहिरीवर झुकलेल्या फांद्या छाटा, तोंडाला जाळी बसवा आणि अंगणातलं पाणी आत वाहणार नाही असा कठडा बांधा.

मग मोजमाप. अंदाजपंचे मूठभर पावडर टाकण्याची आपली सवय मला अजिबात पटत नाही. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली (दोन्ही मीटरमध्ये) गुणिले ७८५, एवढे लिटर पाणी. व्यास ३ मीटर, पाणी ३ मीटर खोल, तर साधारण २१,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर धरली तर ५३ ग्रॅम. पावसात पाणी काठाला येतं, तेव्हा हिशोब पुन्हा करा. डबा उघडा राहिलेली जुनी पावडर मात्र निकामी.

संध्याकाळी बादलीत पावडर कालवा, चुना तळाला बसू द्या, वरची निवळी विहिरीत सोडून पाणी बादलीने ढवळा. किमान तासभर पाणी काढू नका. ग्रामपंचायतीत ओटी टेस्ट, म्हणजे उरलेला क्लोरीन रंगावरून दाखवणारी चाचणी, होते. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला दिसायला हवा.

पिण्याचं पाणी झाकण न ठेवता उकळलं की क्लोरोफॉर्म बराचसा उडून जातो. क्लोरीन आणि कुजलेल्या पानांतूनच बनणारी हॅलोअॅसिटिक आम्लं मात्र तशी उडत नाहीत. त्यांना कार्बन फिल्टर लागतो, आणि त्याचं कार्ट्रिज वेळेवर बदलावं लागतं. नुसत्या यूव्ही दिव्याने या कामी काही होत नाही.