भयपटांच्या मालिका क्रमाने कशा पाहाव्यात आणि त्यांची तुलना कशी करावी

काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका शनिवारी, नाशिकची थंडी ऐन भरात असताना, गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी आम्ही चौघा मित्रांनी एक जुना कृष्णधवल भयपट लावला. त्यातला राक्षस दोन्ही हात पुढे ताणून, पाय फेंगडे टाकत चालू लागला आणि आम्ही पोट धरून हसलो. तो चित्रपट म्हणजे १९४३ चा ‘फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’, मालिकेतला पाचवा. आधीचे चार न पाहताच आम्ही तो लावला होता. त्या चालीत हसण्यासारखे काहीच नव्हते, हे मालिका पहिल्यापासून पाहिल्यावर कळले. तेव्हापासून आम्ही जी पद्धत पाळत आलो, ती येथे सांगतो.

प्रथम एकच मालिका निवडावी आणि तिचे भाग प्रदर्शनाच्या वर्षाप्रमाणे कागदावर उतरवून घ्यावेत. नवख्याने हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या फ्रँकेन्स्टाइन मालिकेपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. फ्रँकेन्स्टाइन हे नाव राक्षसाचे नसून मृतदेहांच्या अवयवांपासून त्याला घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचे आहे. १९३१ ते १९४८ या काळात तिचे आठ चित्रपट आले आणि त्यांतले बरेचसे सव्वा तासाच्या आतबाहेर संपतात. कथेतल्या घटनाक्रमानुसार भाग लावण्याचा मोह टाळावा, कारण पुढचा भाग करणाऱ्यांच्या हाती आधीचा चित्रपट होता, नंतरचा नव्हता. एका रात्री दोनच भाग पाहावेत. तिसरा लावला की पहाटे कोणता प्रसंग कोणत्या भागातला, याचाच घोळ होतो.

पाहताना वही जवळ असावी, पण सतत लिहीत बसू नये. नोंद मुख्यतः एका भागाचा शेवट आणि पुढच्या भागाची सुरुवात यांची करावी, कारण मालिकेची खरी कसोटी या सांध्यावर लागते. मेलेल्या राक्षसाला परत आणायचे तर लेखकाला काहीतरी तोड काढावीच लागते. १९३१ च्या भागात गावकरी पवनचक्की पेटवून देतात आणि राक्षस आत जळून गेला असे वाटते. १९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये तो चक्कीखालच्या पाण्यात वाचलेला निघतो. १९३९ च्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’च्या शेवटी तो उकळत्या गंधकात कोसळतो, तर १९४२ च्या भागात गावकऱ्यांनी लावलेल्या सुरुंगांमुळेच तो त्या गंधकातून मोकळा होतो. पहिला सांधा मला पटतो. दुसऱ्याला दाद द्यावी ती धाडसासाठी.

यानंतर एकच गोष्ट धरून ती सर्व भागांतून तपासावी. आम्ही प्रथम राक्षसाचे रूप धरले. रंगभूषाकार जॅक पिअर्स यांनी १९३५ मध्ये त्याचे केस आखूड केले आणि चेहऱ्यावर भाजल्याच्या खुणा दाखवल्या, म्हणजे पवनचक्कीची आग त्यांनी लक्षात ठेवली. दुसऱ्या फेरीत आवाज धरावा. पहिल्या भागात शीर्षके सोडली तर पार्श्वसंगीत जवळपास नाही आणि ती शांतताच अंगावर येते. चारच वर्षांनी फ्रांझ वॅक्समन यांचे संगीत प्रसंगाप्रसंगाला साथ करू लागते. त्याच भागात राक्षस बोलायला शिकतो आणि पुढच्या भागात पुन्हा मुका होतो. अशी विसंगती सापडली की ती चूक म्हणून खोडून टाकू नये. दुसऱ्या भागापर्यंत दिग्दर्शक जेम्स व्हेल होते, तिसऱ्याला रोलंड ली आले. कोणते बदल माणसे बदलल्यामुळे झाले, ते अशा वेळी शोधावे.

नटांची यादी वेगळ्या पानावर करावी. पहिल्या तीन भागांत राक्षस बोरिस कार्लोफ आहेत, चौथ्यात लॉन चेनी ज्युनियर, पाचव्यात बेला लुगोसी. आमच्या हसण्याचे उत्तर याच पानावर सापडले. चौथ्या भागाच्या शेवटी इगोर नावाच्या माणसाचा मेंदू राक्षसाच्या डोक्यात बसवतात, पण रक्तगट न जुळल्याने राक्षस आंधळा होतो. इगोरची भूमिका लुगोसींचीच होती. पाचव्या भागात त्यांनी आंधळा राक्षस उभा केला, चाचपडणाऱ्या हातांसह. मात्र प्रदर्शनापूर्वी त्याचे संवाद कापले गेले आणि त्यांच्याबरोबर आंधळेपणाचा उल्लेखही गेला. कारण नाहीसे झाले आणि चाल तेवढी उरली. पुढे जगभर या राक्षसाची नक्कल करणाऱ्यांनी तीच उचलली.

१९७० नंतरच्या मालिकांसाठी सरळ यादी पुरत नाही, वंशावळच काढावी लागते. ‘हॅलोवीन’चा १९७८ चा पहिला भाग आणि १९८१ चा दुसरा एकाच रात्री घडतात, दुसऱ्यात नायिका ही मारेकऱ्याची बहीण असल्याचे उघड होते. १९८२ च्या तिसऱ्यात तो मारेकरी नाहीच. १९९८ चा चित्रपट बहिणीचे नाते ठेवतो, पण चौथा, पाचवा आणि सहावा भाग घडलेच नाहीत असे मानतो, तर २०१८ चा पहिला भाग वगळता सगळ्यांवर पाणी सोडतो, बहिणीच्या नात्यावरसुद्धा. ही भाऊबंदकी कागदावर फांद्या काढल्याशिवाय ध्यानात राहत नाही.

मराठीत सराव करायचा तर ‘झपाटलेला’ घ्यावा. १९९३ चा पहिला आणि २०१३ चा दुसरा यांत वीस वर्षांचे अंतर आहे, लक्ष्मीकांत बेर्डे मधल्या काळात गेले, म्हणून कथा पुढच्या पिढीकडे येते; तात्या विंचू मात्र तोच, फक्त आता थ्रीडीत. बाहुली तीच असताना भीती आणि हसू यांचे प्रमाण कसे बदलले, एवढेच तपासावे.

चर्चा त्याच रात्री करू नये, कारण झोपेने जड झालेल्या डोक्याला शेवटचा भागच तेवढा आठवतो. आम्ही ती रविवारी सकाळी मिसळ खाताना करतो, वही समोर उघडून, रश्श्याचे डाग पडतील ते पडोत.

सगळे भाग संपल्यावर पहिला पुन्हा पाहावा, तोही एकट्याने. १९३१ च्या भागात छताची झडप उघडते, अंधारात बसलेल्या राक्षसावर उजेड पडतो आणि तो उजेड धरायला तो दोन्ही हात वर करतो. पहिल्या वेळी माझे लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे होते, दुसऱ्या वेळी ते हातांवरून हलले नाही.