ट्रेमधलं नांद्रुकाचं जंगल

एकट्या बोन्सायला देखणं खोड लागतं, एकाच ट्रेत बरीच रोपं लावून केलेल्या बोन्साय-जंगलाला नाही. नर्सरीवाल्याने मागच्या रांगेत टाकलेली बारकुडी, एकाच बाजूला फांद्या फुटलेली रोपं इथे नेमकी कामाला येतात.

सुरुवात वडाच्या जातकुळीतल्या नांद्रुकापासून करावी. मुळं छाटलेली त्याला चालतात, आणि जूनमध्ये पाऊस लागला की ते पटकन सावरतं. ७ किंवा ९ रोपं घ्या. जात एकच, पण जाडी आणि उंची वेगवेगळी. सगळी सारखी घेतलीत तर रोपवाटिकेतला वाफा दिसेल.

ट्रे ४-५ सेंटिमीटर खोल पुरे. भोकांवर जाळी टाका. एवढ्या उथळ ट्रेत रोपं आपली आपण उभी राहत नाहीत, म्हणून तळाशी बांबूच्या कामट्यांची जाळीदार चौकट भोकांतून ओवलेल्या तारेने पक्की करा. विटांचा चुरा निम्म्याहून जास्त, बाकी माती आणि कुजलेलं शेणखत. चुऱ्यातली धूळ चाळून टाका, नाहीतर पाणी तुंबतं.

जाड, सरळ खाली गेलेली मुळं कापा, तंतुमुळं राखा. चीक ओल्या फडक्याने टिपा. हातातलं रोप सोडून बाकीची ओल्या गोणपाटाखाली असू द्या.

आता मांडणी, सगळा वेळ इथेच घालवा. सर्वांत जाड आणि उंच झाड मधोमध नको, ट्रेच्या साधारण एक-तृतीयांशावर. दुसरं त्याला जवळजवळ खेटून. तिसऱ्यापासून पलीकडचा गट सुरू करा. बारीक रोपं कडेला आणि मागे, म्हणजे खोली भासते. मग खाली बसून डोळे ट्रेच्या पातळीला आणा. तीन खोडं एका रेषेत आली किंवा एकामागे दुसरं लपलं, की हलवा. बाजूनेही बघा. दोन गटांमधल्या मोकळ्या जागेत आणखी एक रोप खुपसायचा मोह होतोच. ती पायवाट आहे, राहू द्या. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानासाठी १९८४ मध्ये दिलेलं, बोन्सायकार जॉन नाका यांचं ११ जुनिपर झाडांचं ‘गोशिन’ हे बोन्साय-जंगल फोटोत जरूर बघा: खोडं सुटी, शेंड्यांचा चढ-उतार मात्र एकसंध.

जागा ठरली की मुळं कामट्यांना बांधा. मिश्रण काडीने मुळांत ठासा, मुख्य झाडापाशी थोडा उंचवटा ठेवा. आत वळलेल्या फांद्या काढा, कडेच्या झाडांच्या फांद्या मात्र बाहेर झुकू द्या. बारीक झारीने भरपूर पाणी.

तीन-चार आठवडे सावलीत, मुसळधार पावसापासून आडोशाला ठेवा. नवी पालवी येईपर्यंत खत नाही. वळण द्यायला ॲल्युमिनियमची तार गुंडाळली असेल तर दर आठवड्याला बघा; पावसाळ्यात खोड भराभर फुगतं आणि तार सालीत रुतते. ती उलगडू नका, तुकडे करून काढा.

फांदीला ६-७ पानं आली की दोनवर छाटा. मुख्य झाडाला हा नियम पहिलं वर्षभर लावू नका. त्याला वाढू दिलं तरच ते जाडीत पुढे राहील. दोन-तीन वर्षांत मुळांची एकच वडी होते. पुढच्या वेळी झाडं सुटी न करता सगळं जंगल अखंड उचला आणि फक्त कडेची, तळाची मुळं छाटा.