यादवीनंतरच्या अमेरिकन गावातल्या राजकीय साप्ताहिकाचा इतिहास कसा काढावा

आधी नावांची साखळी लावा. मालक किंवा पक्ष बदलला की पत्राचं नाव बदलत असे, आणि एकाच नावाने शोधलं की मधली वर्षं हातची जातात. टेनेसी राज्यातलं संपादक ब्राउनलोचं ‘नॉक्सव्हिल व्हिग’ १८६१ मध्ये बंद पडलं. नोव्हेंबर १८६३ मध्ये ते परत आलं, तेव्हा नावाला ‘रिबेल व्हेंटिलेटर’ हे शेपूट होतं. संपादक १८६५ मध्ये राज्याचा गव्हर्नर झाला, त्यामुळे त्यानंतरचे अंक विरोधी पत्रासमोर ठेवूनच वाचा.

अंक हाती आला की अग्रलेखाआधी सरकारी नोटिसा मोजा: दर अंकात किती रकाने, कोणत्या खात्याच्या. दक्षिणेत अनेक रिपब्लिकन पत्रं सरकारी छपाईवर जगत. सत्ता फिरली की नोटिसा आटतात, पाठोपाठ पत्रही.

आतली पानं जपून वाचा. केलॉगसारखे व्यापारी एका बाजूने छापलेले कागद गावोगाव पुरवत; गावचा संपादक फक्त दुसरी बाजू छापे. तो मजकूर संपादकाचा समजलात तर निष्कर्षच चुकतो. ओळखायचं कसं? त्याच आठवड्याचं दुसऱ्या गावचं पत्र शेजारी ठेवा.

खपासाठी रॉवेलची वृत्तपत्रांची निर्देशिका आहे, १८६९ पासून. आकडे मात्र फुगवलेले असू शकतात.