जुन्या गाडीचं इंजिन बांधायचं की बदलायचं? आधी मापं घ्या, मग ठरवा

गाडीनं निळा धूर सोडायला सुरुवात केली की सल्ले देणाऱ्यांची रांग लागते. एक म्हणतो जाड ऑइल घाला, दुसरा म्हणतो रिंगा टाका, तिसऱ्याचा मेहुणा कुर्ल्याहून इंजिन आणून द्यायला तयार असतो. यातल्या एकानंही तुमचं इंजिन उघडून बघितलेलं नसतं. सेकंडहँड गाडी घेतलीय, इंजिन थकलंय एवढं कळलंय, आणि आता पैसे नेमके कशात घालायचे हे ठरवायचंय, अशांसाठी हे लिहितोय. (इंजिन बांधणं म्हणजे ते उघडून, झिजलेले भाग घासून किंवा बदलून तेच परत जोडणं.) गाडी विकत घ्यायच्या आधीच वाचत असाल तर फारच उत्तम.

१. आधी गाडीची किंमत काढा, इंजिनची नंतर

तुमच्या मॉडेलची, त्याच सालाची, चांगल्या इंजिनची गाडी आज कोल्हापुरात कितीला जाते ते चार ठिकाणी विचारा. इंजिनचा एकूण खर्च त्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल तर गाडी आहे तशी, खरं सांगून विका. नोंदणीची १५ वर्षं भरत आली असतील तर फेरनोंदणीचा आणि त्यासाठी लागणाऱ्या पासिंगच्या कामाचा खर्चही याच हिशेबात धरा. खाली पत्रा सडलाय आणि वर नवं इंजिन बसवलंय, असल्या गाड्या मी बघितल्यात. त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही.

२. धूर कुठून येतोय ते ओळखा

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण ऑइल वर जायचे रस्ते तीन आहेत, आणि तिन्हींचा खर्च वेगळा.

सकाळी थंड गाडी सुरू करताना एकदाच भपकारा येतो आणि मग साफ, असं असेल तर वॉल्व्हची सीलं गेलीत. याची खात्री करायची तर पन्हाळ्यावरून गिअरमध्ये, पाय पूर्ण वर घेऊन खाली या आणि वाघबीळला पोचलात की ॲक्सिलरेटर दाबून आरशात बघा. तिथं निळा लोट दिसला तर सील किंवा वॉल्व्ह गाइड (वॉल्व्ह जिच्यात सरकतो ती नळी). हे हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या, वॉल्व्ह असलेल्या भागाचं काम आहे, अख्खं इंजिन बांधायची गरज नाही. चढाला, लोड असताना सतत धूर येत असेल तर संशय रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) आणि बोअरवर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते सिलिंडरचं भोक). टर्बो डिझेल असेल तर आधी इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणारा भाग) पाइप काढून बघा. आत ऑइलचा पातळ थर असतोच, पण पाइप वाकवल्यावर ऑइल ओघळलं तर टर्बोचं सील बघायला हवं. टर्बो गेलेला असताना इंजिन बांधून घेतलेले लोक आहेत. गाडी घरी आली आणि धूर तसाच.

पांढरा धूर आणि पाणी कमी होत असेल तर तो हेड गॅस्केटचा (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पातळ थराचा) विषय. डिझेलमध्ये काळा धूर बहुतेक वेळा इंजेक्टर किंवा हवेचा. त्यासाठी इंजिन उतरवू नका.

गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा की सुरू करून ठेवू नका. बॉनेट गरम लागलं तर चहा घ्या आणि तासाभरानं या.

३. कॉम्प्रेशन काढा

म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते गेजनं मापा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, बॅटरी फुल चार्ज, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. पेट्रोलला साधारण १२ ते १४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) यायला हवं, डिझेलला २४ च्या वर. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. सगळ्यांत चांगल्या आणि सगळ्यांत वाईट सिलिंडरमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक नको. चारही सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील तर आधी वॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं टायमिंग बघून घ्या, चेन ताणली तरी असं होतं.

पेट्रोल गाडीत कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल ओता आणि परत काढा. आकडा वाढला तर रिंगा-बोअर, नाही वाढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. ही युक्ती डिझेलला लावू नका. तिथं ज्वलनाची जागा इतकी लहान असते की नुसत्या ऑइलनंच आकडा वाढतो.

४. इंजिन उघडा, पण मापांचा कागद हातात आल्याशिवाय पुढं काहीच ठरवू नका

खरा निर्णय इथं होतो, आणि इथंच सगळे घाई करतात. ही पायरी मला बराच काळ अवघड गेली, कारण मापांचा कागद मागायचा असतो हेच कुणी सांगत नाही. मेस्त्री म्हणतो टर्नर (मशीनवर धातूचं काम करणारा) बघेल, टर्नर मेस्त्रीनं सांगितलं तेवढंच करतो, आणि तुम्ही मधे पैसे मोजत उभे.

हेड उतरलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "बोअर चांगला हाय साहेब, नुसत्या रिंगा टाकूया, पळवा अजून चार वर्षं." हे बोट फिरवून म्हटलेलं असतं. बोटाला कळते फक्त कड. बोअरच्या वरच्या तोंडाशी, जिथं वरची रिंग थांबून मागं फिरते, त्याच्या वर न झिजलेला धातू कडेसारखा उरतो. तिथं नख अडकलं तर बोअर झिजलाय हे नक्की. पण नख अडकलं नाही म्हणून झिजला नाही, असं होत नाही.

शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग-होनिंगची (सिलिंडर कापून त्याची भिंत घासण्याची) आणि क्रँक (पिस्टननी फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंडिंगची वर्कशॉपं हाकेच्या अंतरावर आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमुळे या शहरात माप कळणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तयार झालीत. तेव्हा ब्लॉक तिथं न्या आणि डायल बोअर गेजनं मापून घ्या. प्रत्येक सिलिंडरला वर, मधे आणि खाली अशा तीन उंचीवर, आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांना, म्हणजे क्रँकच्या रेषेत एकदा आणि तिला काटकोनात एकदा. एका सिलिंडरचे सहा आकडे, चार सिलिंडरचे चोवीस. ते कागदावर लिहून घ्या. "चांगलं हाय" हा आकडा नव्हे.

वाचायचे कसे? वरच्या आणि खालच्या मापातला फरक म्हणजे टेपर, दोन दिशांमधला फरक म्हणजे बोअरचा अंडाकार. झीज नेहमी वर जास्त असते, कारण तिथं उष्णता जास्त, ऑइल कमी आणि गॅसचा दाब रिंगेला बाहेर ढकलत असतो. काटकोनातल्या दिशेला जास्त, कारण पिस्टन त्या भिंतीवर रेलतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते, तीच खरी. मॅन्युअल मिळालं नाही तर माझी रेघ अशी : अंडाकार ०.०५ मिलिमीटर किंवा टेपर ०.१ मिलिमीटरपर्यंत गेला की नुसत्या रिंगांचा विषय संपला. ०.१ म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी. एवढ्यानं काय होतंय, असं म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका.

होतं ते असं. वर रुंद आणि खाली अरुंद झालेल्या बोअरमध्ये रिंग प्रत्येक फेरीला फाकते आणि मिटते. वर गेली की तिच्या तोंडातली फट वाढते, गॅस खाली क्रँककेसमध्ये येतो आणि ऑइल वर. जुनी भिंत गुळगुळीत झालेली असते, त्यामुळे नवी रिंग तिच्यावर बसतच नाही. शिवाय नव्या रिंगेची धार त्या वरच्या कडेवर आपटते आणि पिस्टनचा रिंगेवरचा भाग फुटू शकतो. थोडे महिने बरं वाटतं, मग धूर परत, आणि हेड गॅस्केट, मजुरी, ऑइल सगळं दुसऱ्यांदा.

क्रँकचंही तसंच. प्रत्येक जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग) मायक्रोमीटरनं दोन दिशांना मापा. ग्राइंडिंग करायचं तर आधी विचारा की तुमच्या इंजिनला अंडरसाइज बेअरिंग (घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारी) कंपनी देते का. देत नसेल तर त्याचा अर्थ तो क्रँक घासायचा नाही. वेल्डिंगनं भरून परत ग्राइंड करून देतो, असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा. आजकालच्या बऱ्याच इंजिनांत पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं मोठं तोंड मुद्दाम फोडून दोन तुकडे केलेले असतात. प्रत्येक कॅप तिच्याच रॉडवर, त्याच बाजूनं बसते. खोलतानाच खुणा करून ठेवल्या नाहीत तर चांगले रॉड भंगारात.

आणि एक कोल्हापुरी तपासणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून पुढं विकल्या गेल्या. पाण्यात इंजिन सुरू करायचा प्रयत्न झाला असेल तर पाणी दबत नाही, रॉड वाकतो. गाडी तरीही वर्षानुवर्षं चालते. हेड काढल्यावर चारही बोअरच्या तोंडाशी काजळीचा पट्टा बघा. एका सिलिंडरमध्ये तो इतरांपेक्षा रुंद असेल तर तो पिस्टन पूर्ण वर येत नाहीय. पिस्टन टोकाला आणून डायल गेजनं चारही उंच्या मापा. वाकलेला रॉड सरळ करून घालायचा नसतो, नवाच घालायचा.

हेडचं काम त्या मानानं सरळ : पाण्याच्या दाबाची टेस्ट, पट्टी ठेवून ते सपाट आहे का बघणं, गाइड आणि सीट.

५. आता ठरवा

बोअर आणि क्रँक मर्यादेत : हलकं होनिंग, रिंगा, बेअरिंगं, हेड. एवढंच.

बोअर गेलाय, क्रँक ठीक किंवा एका ग्राइंडिंगमध्ये बसतोय, ब्लॉक ओतीव लोखंडी आणि ओव्हरसाइज (मोठ्या केलेल्या बोअरला बसणारा) पिस्टन चांगल्या कंपनीचा मिळतोय : बांधा. कोल्हापुरात राहून अशा वेळी दुसऱ्याचं इंजिन आणण्यात मला शहाणपण दिसत नाही. हातातल्या इंजिनचा प्रत्येक आकडा तुमच्याकडे कागदावर आहे, येणाऱ्या इंजिनचा एकही नाही. फक्त क्रम पाळा. पिस्टन आधी आणा, त्यांना नंबर द्या आणि मग टर्नरला प्रत्येक पिस्टन मापून त्याच्या मापानं बोअर करायला सांगा. बोअर आधी आणि पिस्टन मागून, हा उलटा धंदा आहे.

ब्लॉकला तडा, बेअरिंग फिरून ब्लॉकमधली बैठकच खराब, किंवा क्रँक गेलाय आणि अंडरसाइज बेअरिंग मिळत नाही : बदला. ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि आत ओतलेली पातळ लायनर (सिलिंडरची आतली नळी) असलेली लहान पेट्रोल इंजिनं, ज्यांना कंपनी ओव्हरसाइज पिस्टनच देत नाही, तीही याच यादीत. त्यात जबरदस्तीनं स्लीव्ह (वेगळी नळी) ठोकून घेऊ नका. बदलताना पहिली पसंती कंपनीच्या हाफ इंजिनला (ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन जोडून येतं ते), परवडत नसेल तरच जुनं.

६. जुनं इंजिन घेताना

भारत स्टेज (धुराचा सरकारी दर्जा) तेच, व्हेरियंट तेच. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) स्वतःच्या गाडीचाच ठेवा, नाहीतर किल्लीच ओळखली जात नाही. बऱ्याच कॉमन रेल डिझेलमध्ये इंजेक्टरचे कोड ईसीयूत घालावे लागतात, ते करणारा माणूस आधी शोधा. रॉकर कव्हर (हेडवरचं झाकण) काढून बघा : आत काळा चिखल साचलेला असेल तर कितीही कमी किलोमीटर सांगू देत, सोडा. संप (खालची ऑइलची टाकी) उतरवून एक बेअरिंग बघू द्या म्हणा. नाही म्हणाला तर तिथंच कळलं. घेतलंत तर बसवायच्या आधी वॉटर पंप, टायमिंगची बेल्ट किंवा चेन, क्रँकचं मागचं सील आणि क्लच प्लेट बदला. नंतर याच कामासाठी सगळं परत खोलावं लागतं.

७. आरटीओ

इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला म्हणजे नंबर बदलला, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे तो बदल आरटीओच्या परवानगीनं आरसीवर चढवावा लागतो. "कोण बघतंय" हे सांगणारा माणूस अपघाताच्या क्लेमच्या वेळी तुमच्याबरोबर नसतो. इंजिनचं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिची कागदपत्रं मिळत नसतील तर व्यवहार करू नका, चोरीचा माल तुमच्या बॉनेटखाली नको. परवानगी आधी, इंजिन नंतर. विमा कंपनीलाही लेखी कळवा. स्वतःचाच ब्लॉक बांधलात तर यातलं काहीच लागत नाही, बांधण्याच्या बाजूनं हाही एक मुद्दा.

८. बांधून झाल्यावर

जोडणीच्या दिवशी गॅरेजमध्ये थांबा. ऑइलच्या गॅलरी (ब्लॉकमधल्या वाटा) प्लग काढून धुतल्यात का, नवा ऑइल पंप बसवला का, प्रत्येक रिंग बोअरमध्ये ठेवून फट फिलरनं मापली का, हे तीन प्रश्न विचारा. ताणले जाणारे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात, नवे आणून द्या. टॉर्क पाना नसलेल्या मेस्त्रीकडे इंजिन बांधायला देऊच नये.

सुरू झाल्यावर तासभर न्यूट्रलवर गुरगुरत ठेवायची पद्धत चुकीची आहे, त्यानं रिंगा बसत नाहीत. गळती बघून झाली की गाडी बाहेर काढा. हायवेला कागलपर्यंत, वेग कमी-जास्त करत, मध्यम लोडवर, परत. पहिले हजार किलोमीटर एसी लावून घाट नको, ट्रॉली ओढणं नको. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, आणि जुना फिल्टर कापून त्याची घडी उन्हात उलगडून बघा. राखाडी बारीक भुकटी चालते. चकाकणारे कण किंवा तांबूस कपची दिसली तर गाडी आणखी पळवू नका. फिल्टर, बिल आणि मापांचा कागद घेऊन तशीच मेस्त्रीच्या दारात लावा.